दमयंतीची गाडी आणि विठूचा शब्द

माझी भावजय दमयंती नवऱ्यावर तोंड टाकेल, माझ्यावर टाकेल, पण गाडीला कधी वावगा शब्द बोलायची नाही. त्या सकाळी मात्र तिनं स्टेअरिंगवर मूठ आपटली. चावी फिरवली की इंजिन नुसतं खुर्र-खुर्र गरगरायचं, पेटायचं काही नाव घेईना. आणि तिच्या शेजारच्या सीटवर माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा नवरा विठू, दार घट्ट धरून, तोंड उघडं टाकून श्वास ओढत होता.

विठूच्या किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीन वेळा पनवेलला हॉस्पिटलात त्याचं रक्त मशीनवर धुवावं लागतं. पाणी मोजून प्यायचं, मीठ बेतानं आणि शहाळ्याला तर हातही लावायचा नाही. ज्या माणसाचा सगळा जन्म पाण्यावर गेला, त्याला घोटभर पाणी मोजून द्यायचं म्हणजे देवानं दावाच साधला म्हणायचा. मासेमारीची बोट विकली तेव्हा तो महिनाभर खाडीकडे तोंड करून बसला नाही. मासळी बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या दमयंतीनं तेव्हा ही जुनी मारुती घेतली आणि चालवायला शिकली. या वयात! उलव्याच्या अर्धवट बांधलेल्या रस्त्यांवर ती गचके खात गाडी चालवायची आणि विठू बाजूला बसून बोंबलायचा. कोळीवाड्यातले बाप्ये हसले. "दमयंती, होडी हाय का गाडी? डोलते किती!" ती म्हणाली, "बुडली तरी तुमाला हाक नाय मारनार." आणि नाहीच मारली कोणाला.

पण त्या सकाळी हाक मारायची पाळी आली. नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस. विठूचं डायलिसिस दुपारी होतं, पण पहाटेपासूनच त्याला धाप लागली. आडवं पडवेना. रुग्णवाहिकेला फोन केला, तर ती उलव्याकडून निघालेली आणि वाटेत कामाच्या डंपरांची रांग. टॅक्सीवाला आमच्या बोळाचं नाव ऐकून यायला तयार होईना. म्हणून विठूला उचलून गाडीत घातलं, तर ही महामाया रुसलेली.

"बॅटरी उतरली," शेजारचा शैलेश म्हणाला. आमच्याकडे गाडी अडली की सगळ्यांना आधी बॅटरीच दिसते.

"बॅटरी उतरली असती तर एवढी गरगरली असती का?" दमयंती खाली उतरली. "दिवे बघ, ठणठणीत हायेत. पेट्रोलचा वास पन येतोय."

"मग धक्का मारू."

मारला. शैलेश, त्याचा भाऊ आणि मी. माझे गुडघे काय ते मलाच माहीत. बोळाच्या टोकापर्यंत ढकलली, दमयंतीनं गिअर टाकला, गाडीनं आचका दिला आणि पुन्हा गप्प. आत विठूचं डोकं पुढे झुकलं.

दमयंती त्याच्या दाराशी गेली. मला वाटलं, पाठीवरून हात फिरवेल. छे! तिचा तोल सुटला. "काल नारळाचं पानी प्यालात ना तुमी? खरं सांगा."

विठूनं मान हलवली. नाही.

"मंग पूजेच्या त्या अख्ख्या नारळाचं पानी गेलं कुठं? मी आरतीचं ताट घेऊन येईपर्यंत नारळ रिकामा. एक थेंब नव्हता."

"गाडीला... दिलं," विठू म्हणाला. दोन शब्दांच्या मध्येही त्याला थांबावं लागलं.

"गाडी पानी पिते का?" ती माझ्याकडे वळली. "बाय, ऐकलंत? मागच्या वेळी बर्फ चोरून खाल्ला, तेवापन माशांना टाकला म्हनाले."

खोटं कशाला सांगू, मीही मान डोलावली. बर्फाचं मला माहीत होतं. सणाचा दिवस, समोर गोड नारळ आणि घशाला कोरड. कोण राहील? विठूनं माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. मला त्याचा रागच आला. जिवाशी खेळतोस आणि वर थापा मारतोस, असं मी त्याला तोंडावर बोलले.

दमयंतीनं बॉनेट उघडलं. पदर खोचला. प्लगची एक वायर उपसली आणि शैलेशला म्हणाली, "प्लास्टिक धर, नायतर झटका बसंल. टोक इंजिनाजवळ ने. मी चावी मारते. ठिनगी दिसली तर सांग."

इंजिन गरगरलं. शैलेश वाकून बघत राहिला. "काय नाय दिसत."

"नीट बघ रे."

"नाय, दमयंतीकाकी. एक पन ठिनगी नाय."

मग ती त्या काळ्या टोपणाकडे वळली, जिथून सगळ्या प्लगना करंट वाटला जातो. मागच्या वर्षी पाणी शिरलं होतं तेव्हा कळंबोलीच्या मेकॅनिकनं ते तिच्यासमोर उघडून पुसलं होतं. तिनं स्क्रू काढले. एक स्क्रू खाली पडला, तो मी शोधला. टोपण निघालं. ती आत बोट फिरवून तशीच उभी राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

तिनं बोट माझ्यापुढे धरलं. चिकट, ओलं. टोपणाच्या कडेला खोबऱ्याचा एक बारीक पांढरा तुकडा अडकला होता आणि इंजिनावर कुंकवाचा ओघळ सुकला होता.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पौर्णिमेला आम्ही बोटीच्या इंजिनाची पूजा करतो. हळदकुंकू लावायचं, इंजिनावर नारळ फोडायचा आणि सगळं पाणी त्याच्यावर सोडायचं. बोटीचं इंजिन डिझेलचं, त्याला ठिणगी लागतच नाही. आंघोळ घातली तरी धडधडतं. बोट गेली, म्हणून विठूनं गाडीची पूजा केली. बॉनेट उघडून, रीतसर, शेवटच्या थेंबापर्यंत.

दमयंतीनं पदरानं टोपण पुसलं, आतून, बाहेरून, पुन्हा आतून. शैलेशनं कोरडं फडकं आणून दिलं. तिनं टोपण बसवलं, वायर खोचली, आत बसली. मी मागे बसून विठूचे खांदे धरले. त्याचं अंग मला गरम लागलं. पहिल्यांदा चावी मारली, नाही. दुसऱ्यांदा फुर्र झालं आणि विझलं. तिसऱ्यांदा गाडी खोकली, हादरली आणि पेटली.

हॉस्पिटलात त्याला चाकाच्या खुर्चीवर घेतलं. नर्स ओळखीची. तिनं एकदा बघितलं आणि म्हणाली, "सण झाला ना काल? पाणी जास्त झालेलं दिसतंय. डॉक्टर, मशीनवरच घेऊ."

"पानी नाय प्यायले ते," दमयंती म्हणाली.

"मावशी, सगळे तसंच सांगतात."

"सगळ्यांचं मला माहीत नाय. ह्यांचं माहीत हाय. वजन करा. छाती बघा. अंग तापलंय त्यांचं."

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण त्यांनी वजन करायला लावलं. वजन फारसं वाढलं नव्हतं. मग स्टेथोस्कोपनं छाती तपासली, छातीचा फोटो काढला. एका बाजूला न्यूमोनिया भरला होता. ऑक्सिजन लागला, औषध सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, नुसतं पाणी काढत बसलो असतो तर हे आज लक्षात आलं नसतं.

मी बाकावर बसले आणि मला रडू फुटलं. गाडी वेळेवर चालू झाली असती, तर आम्ही दोघींनी हॉस्पिटलच्या दारातच त्याच्या विरोधात साक्ष दिली असती, हा नारळपाणी प्यालाय म्हणून. आणि त्याचं कोणी ऐकलं नसतं.

संध्याकाळी त्याला जरा बोलता यायला लागलं. मास्क बाजूला करून तो दमयंतीला म्हणाला, "बर्फ खाल्लेला मी. तेवा खोटं बोल्लो."

"माहीत हाय."

"म्हनून आज तू नाय मानलंस."

दमयंतीनं त्याचा मास्क पुन्हा नीट बसवला. "आता गप ऱ्हावा," ती म्हणाली. मग त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि सगळ्या वॉर्डासमोर हुंदके देऊन रडली.