चौसष्ट नंबरचा थांबा

"तू ठरव, मी थांबते," असं माझी धाकटी बहीण सगळ्यांना म्हणायची. भाजीवालीला म्हणायची, डॉक्टरला म्हणायची, लग्नाचं विचारायला आलेल्या एका गृहस्थालाही म्हणाली होती. त्याने ठरवायला इतका वेळ लावला की तोवर हिने नोकरी धरली.

नोकरी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीतली. काचेला खाली वाटीएवढं भोक, त्यातून दिवसभर प्रश्न आत यायचे. इकडून गेलात तर लवकर पोचाल पण मध्ये दोन तास खोळंबा, तिकडून लांब पडेल पण बसायला जागा मिळेल, असं ती समजावून सांगायची आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य टाकायची. एकवीस वर्षं लोकांना वाटा सांगता सांगता तिच्या डोक्यात पुस्तक शिरलं. वाचणाऱ्यानेच वाट निवडायची, असं पुस्तक. डोंगर चढायचा असेल तर अमक्या आकड्यावर जा, नदी उतरायची असेल तर तमक्या. चुकीची वाट घेतलीस तर मरशील, पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. प्रकाशक त्याला गेमबुक म्हणायचे. पुस्तकाच्या तुकड्यांना ती मात्र थांबेच म्हणायची.

मी पिठाची गिरणी चालवतो. शाळा चौथीपर्यंत, पण गोष्ट सांगावी तर मी, हे आमच्या भागात कुणीही कबूल करेल. दुपारी वीज गेली की चक्की थांबते, पिठाचा धुरळा उन्हाच्या पट्ट्यातून हळूहळू खाली बसतो, आणि डबे घेऊन रांगेत बसलेली माणसं माझ्याकडे बघायला लागतात. माझी गोष्ट एका वाटेने जाते. कुणाला मरायचं असेल तर तो मरतो, ऐकणाऱ्याला विचारत बसत नाही. वीज आली तरी लोक म्हणायचे, पीठ गेलं तेल लावत, आधी हे पुरं करा.

आणि एका दुपारी रांगेतल्या शाळेच्या बाईंनी पिशवीतून माझ्या बहिणीचं पहिलं पुस्तक काढलं. वीज गेली. मी घसा साफ केला. पण सगळी रांग बाईंच्या मांडीवर वाकली होती. एकजण म्हणत होता डोंगर घ्या, दुसरी म्हणत होती नको, मघाशी डोंगरातच मेलो आपण. भांडत होते, हसत होते. मी चक्कीचा पट्टा पुसत बसलो. पुसायला त्यावर काही नव्हतं. वर मलाच कौतुक सांगायचे, काय डोकं आहे हो तुमच्या बहिणीला. मी मान हलवायचो आणि पुढचा डबा ओढायचो.

दुसरं पुस्तक तीनशे थांब्यांचं होतं. तिच्या मागच्या खोलीत भिंतभर कागद लावलेले होते, जुन्या वेळापत्रकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेले, या कागदावरून त्या कागदावर सुतळ्या ओढलेल्या. चहा घेऊन आत जायचं तर वाकून जावं लागायचं. शेजारच्या थांब्यावर नजर जाऊन पुढचं गुपित फुटू नये म्हणून थांब्यांना आकडे ती पत्र्याच्या डब्यातून चिठ्ठ्या काढून द्यायची. सगळं टाइप करून झालं की ते बाड तपासायला माझ्याकडे. "दादा, गोष्टीतलं तुझ्याएवढं कुणाला कळतं?" असं म्हणाली होती, आणि मी फुगलो होतो. काम सोपं होतं. प्रत्येक वाट चालून बघायची, आणि ज्या थांब्यावर येईन तिथे दर वेळी समासात पेन्सिलीची एक खूण करायची.

सातव्या दिवशी मी गुहेत शिरलो. थांबा चौसष्ट. पुढे एकच वाट, एकशे सत्त्याऐंशीवर जा. तिथे लोखंडी दार, दार ढकललं की उजेड, आणि खाली लिहिलेलं, चौसष्टवर जा. गेलो. पुन्हा गुहेचं तोंड. पुन्हा दार, पुन्हा उजेड, पुन्हा गुहेचं तोंड. बाहेरचं गवताळ माळरान होतं सेहेचाळीसवर. टाइप करताना तिच्याकडून सहा आणि चार उलटे पडले होते. आत गेलेला माणूस जन्मभर गुहेतच फिरला असता.

आणि पहिल्याच पानावर तिने लिहिलेलं होतं, या पुस्तकात तू मरशील, पण अडकणार नाहीस, हा माझा शब्द आहे.

मी बाड मिटलं. दुसऱ्या दिवशी तिला परत दिलं आणि सगळं व्यवस्थित आहे म्हणून सांगितलं. तिने माझ्यासाठी चहा टाकला. तो मी प्यायलो.

पुस्तक आलं. बाईंनी ते रांगेत उघडलं, आणि तिसऱ्या दुपारी सगळे गुहेत शिरले. एकदा फिरले, दोनदा फिरले. तिसऱ्यांदा एकजण म्हणाला, बाई, ही गुहा आहे की सरकारी कचेरी? हशा पिकला, पुस्तक मिटलं, आणि कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, तुम्हीच सांगा काहीतरी. मी सांगितली. खोटं कशाला बोलू, ती दुपार मला फार गोड लागली. आठवडाभर रांग माझी होती.

बाईंनीच शेवटी तिला खिडकीशी गाठून सांगितलं. त्याच दिवशी तिने महिन्याची रजा टाकली. प्रकाशक म्हणाले, पुढच्या आवृत्तीत बघू. ती म्हणाली, आता अडकलेत त्यांनी तोवर काय करायचं? दुकानं, वाचनालयं, शाळा, ज्या ज्या घरी पुस्तक गेलं ती घरं, सगळीकडे जाऊन एकेक प्रत लाल शाईने दुरुस्त करायची असं तिने ठरवलं. निघण्याआधी चूक कुठून शिरली ते बघायला जुनं बाड काढलं.

ती गिरणीत आली तेव्हा वीज होती, चक्की चालू होती. मी बटण बंद केलं.

"दादा, चौसष्टवर तीन खुणा आहेत."

मी फडकं घेऊन चक्कीचा पट्टा पुसायला लागलो.

"एक पहिल्यांदा आलास तेव्हाची. बाकीच्या दोन?"

"फिरून आलो."

"म्हणजे तुला कळलं होतं."

"कळलं होतं."

रांगेतली माणसं आपापल्या डब्यांच्या झाकणांकडे बघायला लागली. ती का म्हणून विचारेल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं नाही. एवढंच म्हणाली की आठ दिवस तिच्या डोळ्याला डोळा नव्हता, आपलं डोकं चालेनासं झालं की काय या भीतीने. मग माझ्याच्याने राहवलं नाही.

"माझी रांग नेलीस तू," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बाहीला माझं पीठ लागलं होतं, तेही तिने झटकलं नाही.

"रांग गिरणीची होती, दादा. पिठाला आली होती."

मी म्हणालो, मी येतो बरोबर, निम्म्या प्रती मी करतो. ती म्हणाली, नको, शब्द मी दिला होता. बाईंनी पिशवीतून आपली प्रत पुढे केली. बहिणीने ती एका डब्यावर ठेवून एकशे सत्त्याऐंशीचं पान काढलं, चौसष्ट खोडलं, वर सेहेचाळीस लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि प्रत दोन्ही हातांनी परत दिली. मग पिशवी खांद्याला लावली आणि पायरी उतरली.

बाई तिच्यामागे दारापर्यंत गेल्या. मग डबे तिथेच ठेवून एकेक करत सगळी रांग उठली. रस्त्याला धूळ होती, ऊन होतं. ती शाळेच्या बाजूला निघाली होती, सावकाश, पिशवीच्या वजनाने एका अंगाला कललेली. वळणावर तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मागे पाहिलं नाही. मी सगळ्यांच्या मागे उभा राहून दोन डोक्यांच्या मधून बघत होतो, आणि ती दिसेनाशी झाली तरी माझ्या मनात एकच होतं, की माझ्या गोष्टीसाठी ही माणसं कधी जागची उठली नव्हती.