चार पांढऱ्या खुंट्या

अकोल्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा मागच्या पडीक जमिनीचा एक तुकडा प्राचार्यांकडून मागून घेतला. तारेचं कुंपण घातलं आणि आत चार जागी चुना लावलेल्या खुंट्या ठोकल्या. गुरं चरली नाहीत तर वऱ्हाडातलं गवत कसं बदलतं, हे मला पाहायचं होतं. दर पावसाळ्याच्या शेवटी प्रत्येक खुंटीभोवती कोणत्या गवताचे किती ठोंब आहेत ते मोजायचं, इतकंच काम. सहकारी हसत. पीएच.डी. म्हटलं की गप्प होत. त्या पदवीपुढे गवतालाही प्रतिष्ठा येई.

मोजणीला कॉलेजचे म्हातारे माळी सोबत असत. त्यांना सगळे मामा म्हणत. लॅटिन नावं माझी, बाकीचं ज्ञान त्यांचं. कपड्यांना टोचणारी कुसळी हटते आहे आणि गुरांच्या आवडीचं पवन्या गवत पुढे सरकतं आहे, हे माझ्या वहीच्या आधी त्यांनी सांगितलं होतं.

पाचव्या वर्षी, शेवटच्या मोजणीच्या तोंडावर, मी प्रबंधाची प्रकरणं घेऊन आठवडाभर अमरावतीला मार्गदर्शकांकडे गेलो. परतलो त्या सकाळी कुंपणाच्या आत मंडप होता. जुलैत राहून गेलेला वनमहोत्सव. जमीन खरवडून साफ केलेली, आणि चारही खुंट्यांच्या जागी गुलमोहराची रोपं. ओसाड जमिनीवर हिरवळ आणल्याबद्दल पाहुणे कॉलेजचं कौतुक करत होते. प्राचार्यांनी तर खड्ड्यांच्या खुणा आधीच करून ठेवणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांचा खास उल्लेख केला. आभार मलाच मानायचे होते. मानले.

मंडप उतरल्यावर मामा मला अवजारांच्या खोलीत घेऊन गेले.

"म्या सांगतलं त्याइले, हे सरचं मोजाचं गवत हाय. ते म्हणे, गवत काय, पुन्हा येते." मग कोपऱ्याकडे बोट केलं. "चारी खुंट्यांचं येगळं येगळं बांधून ठेवलं. मोजून घ्या."

चार पेंढ्या होत्या. कुदळीनं ठोंब फुटले होते. एकाचे चार झाले की दहा, कळायला मार्ग नव्हता. तरी आम्ही दोघं दिवस मावळेपर्यंत मोजत बसलो. मार्गदर्शकांनी ते आकडे पाहिले आणि पान परत केलं. त्यांचं बरोबर होतं.

पदवी मला पुढे तलावातल्या वनस्पतींवर मिळाली. पाण्यात कोणी झाडं लावत नाही.

रोपांपैकी एक जगलं. मामा दुपारी त्याच्याच सावलीत भाकर खायला बसत. तिथे पवन्या पुन्हा आला का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.