वाकळेतली बंदूक

पदर कमरेला खोचला आणि "उभं तर राहू!" म्हणाली की समजायचं, आक्का आता कुणाचं ऐकत नाही. बांधावरचं भांडण असो, नाहीतर तहसीलमधलं काम असो. कसं होईल, काय होईल, याचा विचार तिला आधी सुचायचाच नाही. "जाऊन उभं तर राहू. पुढचं तिथं सुचंल." तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल, आठवून बघा. आमच्या निमगाव सावात ही होती. सगळं गाव तिला आक्काच म्हणायचं.

तिच्या मालकांकडे पूर्वापार चालत आलेली दुनळी बंदूक होती. लायसन त्यांच्या नावावर. मालक गेले आणि ते लायसनही त्यांच्याबरोबरच गेलं. बंदूक पोलीस स्टेशनात जमा करायला पाहिजे होती. पोलीस पाटील आठवण करून द्यायचे, आक्का मान डोलवायची आणि चहा पुढं करायची. त्या वर्षांत आमच्याकडं उसात बिबटे फार झाले होते. एकदा भर दुपारी कुत्र्यामागं आलेला बिबट्या तिच्या गोठ्याशी उभा राहिला. आक्का बंदूक घेऊन बाहेर आली आणि अशी काही ओरडली की बिबट्या तर गेलाच, आमच्या आळीतल्या कोंबड्याही संध्याकाळपर्यंत पत्र्यावरून खाली उतरल्या नाहीत. मी विचारलं, "आक्का, बार का नाय काढला?" म्हणाली, "मालक गेल्यापून काडतुसंच कुठं हायेत? आवाजाचं काम माझं तोंड करतंय की."

मी तेव्हा शिटा भरून जुन्नर-नारायणगाव वडाप करायचो. स्वतःची कमांडर जीप होती. एका पहाटे आक्का दारात. हातात भाकरीचं गठुडं, काखेत सुतळीनं आवळलेली वाकळ.

"दादा, गाडी काढ. निपाणीच्या पुढं जायचंय."

तिची एकुलती एक लेक तिकडं दिली होती. जावई फौजेत, लांब सरहद्दीवर. मागं थोरल्या दिरानं जमिनीच्या कागदावर सही कर म्हणून लेकीच्या मागं लकडा लावला होता. ती ऐकेना, तेव्हा तान्ह्या पोरासकट तिला बाहेर काढून घराला कुलूप ठोकलं. शेजाऱ्यांच्या फोनवरून एवढं सांगून लेक रडली होती.

"आक्का, चार माणसं घेऊन जाऊ," मी म्हणालो.

"माणसं गोळा करस्तोवर पोरगी दुसऱ्याच्या पडवीत बसंल. चल, उभं तर राहू!"

मंचर गेलं, पेठचा घाट गेला, पुणं, सातारा, कोल्हापूर गेलं. आक्का पुढच्या सीटवर, मांडीवर वाकळ धरून. कर्नाटकाच्या हद्दीवर नाका लागला. निवडणुकीचे दिवस, प्रत्येक गाडी तपासत होते. एका हवालदारानं वाकळेवर काठी मारली. ठक्क!

"क्या है इसमें?"

"मुसळ हाय, साहेब. लेकीच्या घरी मुसळ न्हाई."

हवालदार हसला आणि हात केला. मीही हसलो. लेकीला मुसळ द्यायला राज्य ओलांडणारी आई मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आम्ही पोचलो तेव्हा दीर ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. दाराला हे एवढं कुलूप. समोरच्या पडवीत लेक, मांडीवर पोर. आक्का लेकीकडं गेली नाही. सरळ ओट्यावर चढली, खाली बसली आणि सुतळी सोडून वाकळ उलगडू लागली. एक घडी, दुसरी घडी. आणि आतून ती दुनळी बाहेर आली!

आपण मुसळ नाही, बंदूक घेऊन नाका ओलांडला, तेही बिनलायसनची!

आक्कानं ती कुणावर रोखली नाही. मांडीवर आडवी घेतली आणि पदरानं पुसायला लागली.

"लांबून आले. पाणी न्हाई इचारलं तरी चालंल. कुलूप काढा."

"मावशी... हे काय आणलंय?"

"मालकांची हाय. लई दिस पुसली नव्हती."

माणसं गोळा झाली. दिरानं किल्ली काढली, पण नजर बंदुकीवरच, त्यामुळं ती काही कुलपात जाईना. शेवटी लेकच उठली, त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि दार उघडलं. जाता जाता माझ्या कानाशी पुटपुटली, "दादा, आईनं काडतुसं कुठनं आणली?"

"कुठनंच न्हाई!" मी म्हणालो. त्या बिचारीला त्या गर्दीत हसू आवरेना.

गावची जुनी माणसं आली. त्यांनी दिराला खडसावलं, किल्ली लेकीकडंच राहील असं ठरवलं. जावयाला तार गेली. आक्कानं तेव्हा कुठं नातवाला उचललं.

परत निघालो. आता वाकळेत काय आहे ते मला ठाऊक होतं. वेदगंगेच्या पुलावर गाडी थांबवली. "आक्का, टाक नदीत."

"आन उद्या एखाद्या पोराच्या हाताला लागली म्हंजे? चल म्होरं."

नाक्यावर तोच हवालदार. त्यानं आम्हाला ओळखलं आणि लांबूनच 'जा जा' असा हात केला. सुटलो! मी गिअर टाकला, तोच आक्का म्हणाली, "थांबव."

"आक्का, सोडलंय त्यांनी!"

"जाताना लेकीसाठी खोटं बोलले. येताना कुणासाठी बोलू?"

ती उतरली. वाकळ टेबलावर ठेवली. "साहेब, जाताना खोटं बोलले. ह्ये मुसळ न्हाई. आन ह्या पोराला धरू नका. त्यो बी मुसळच समजून चालला व्हता."

केस झाली. लेकीच्या गावचे लोक जामीन राहिले. मग दर तारखेला मी आणि आक्का निपाणी. लेकीचं घर दिसतं म्हणून तिला तारखांचं कौतुकच होतं. मध्यंतरी जावई रजेवर आला, भावाभावांच्या वाटण्या झाल्या. शेवटच्या तारखेला आक्कानं गुन्हा कबूल केला, पण जज्जसाहेबांना विचारल्याशिवाय राहिली नाही. "साहेब, गोळीच न्हाई, तर ती बंदूक कशी?"

साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "मग तुमच्या लेकीचा दीर कशाला घाबरला, बाई?"

सगळं कोर्ट हसलं. सगळ्यात मोठ्यानं आक्का. दंड झाला, बंदूक सरकारजमा झाली.

पुढं काही वर्षांनी आक्का गेली, शेतातून आल्यावर टेकली ती उठलीच नाही. दहाव्याला नदीवर ही गर्दी. कावळा लगेच शिवला, माणसं पांगली, आम्ही भांडी आवरत होतो. तेवढ्यात एसटी स्टँडाकडून एक पिकल्या मिशांचा माणूस भरभर चालत आला. लेकीचा थोरला दीर. गाडी चुकली होती म्हणे. घाटावर आता रिकाम्या पत्रावळीशिवाय काही नव्हतं. त्यानं चपला काढल्या, त्या पत्रावळीपुढं हात जोडले आणि हळूच म्हणाला, "मावशी, त्या घराला परत कुलूप लावलं न्हाई."