मानाची भिंत

कर्जतच्या मैदानाशेजारी जुन्या फुटबॉल खेळाडूंसाठी मानाची भिंत झाली, तेव्हापासून बाबांना घेऊन कुठे जायची मला लाज वाटायला लागली.

भिंत म्हणजे क्लबच्या खोलीची बाहेरची बाजू. तिला निळा रंग दिला, वर पत्रा टाकला आणि तालुक्याचं नाव काढणाऱ्या खेळाडूंचे फोटो फ्रेम करून लावले. बाबा तरुणपणी गावच्या संघात लेफ्ट बॅक होते. पुढे जन्मभर भातगिरणीत राबले. भिंतीवर त्यांचा फोटो नव्हता. क्लबच्या समितीतलं कोणीही दिसलं की बाबा त्याला अडवायचे. बाजारात, दवाखान्यात, एकदा तर भिसेगावात लग्नाच्या जेवणात, हातात ताट धरून. "फोटो कधी लावताय?"

अध्यक्ष म्हणायचे, "बघू काका, पुढच्या वेळी." बाबांची पाठ वळली की शेजारच्याला डोळा मारायचे. मी पाहिलंय ते.

त्या लग्नातून येताना रिक्षात मी बाबांना म्हणाले, "मान मागून मिळतो का कधी? लोक हसतात हो."

"हसू दे."

"मला नाही चालत. मी इथल्याच शाळेत शिकवते. यांचीच मुलं माझ्या वर्गात असतात."

बाबा बाहेर बघत राहिले. मला वाटलं, समजले.

गेल्या थंडीत एका रविवारी अध्यक्षांचा फोन आला. "मॅडम, जरा मैदानावर या. तुमच्या वडिलांनी स्वतःच खिळा ठोकून फोटो लावलाय."

मी घरातल्या चपलांवरच निघाले. मैदानात मॅच चालू होती, माणसांची गर्दी. बाबा भिंतीशी हातोडी घेऊन उभे होते आणि कोणीतरी मोबाईलवर त्यांचा व्हिडिओ काढत होतं. मी सरळ गेले, फ्रेमकडे न बघताच ती खिळ्यावरून काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माफ करा. म्हातारपणी हौस फार असते माणसाला."

लोक हसले. मीही हसले.

"बघ तरी गं, कोन हाय तो," बाबा म्हणाले.

फोटोत बाबा नव्हते. विशीतला एक काळासावळा मुलगा होता, अनवाणी, बॉल पोटाशी धरलेला. इतके महिने बाबा फोटो फोटो करत होते. कोणाचा, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

"आमचा गोलकीपर," बाबा अध्यक्षांना सांगू लागले. "डोंगरातल्या ठाकरवाडीतला. सकाळी लाकडाची मोळी बाजारात टाकायचा आनि दुपारी गोलात उभा राहायचा. तो मागं होता म्हनून आमी पुढं खेळलो. जिल्ह्याची निवड झाली, तवा गोल मारनारे गेले. याला कोनी विचारलं पन नाय."

"काका, पण त्याची कुठे नोंद नाही," अध्यक्ष म्हणाले. "उद्या कोणीही येऊन खिळे ठोकेल." बोलताना ते माझ्याकडे बघत होते आणि मी शहाण्यासारखी मान हलवत होते. फ्रेम माझ्याच हातात होती, खिळाही जागेवर होता. परत अडकवायला कितीसा वेळ लागला असता? पण एवढ्या लोकांपुढे मी बोलून बसले होते. फ्रेम ओढणीत गुंडाळली आणि बाबांचा दंड धरून त्यांना मैदानाबाहेर आणलं.

पुढच्या रविवारी बाबा म्हणाले, "आता त्याच्या घरी तरी देऊन येऊ."

गोलकीपरला जाऊन बरीच वर्षं झाली होती. वाडीत त्याची बायको होती, लेकीजवळ. रिक्षा पायथ्यापर्यंत गेली, पुढची चढण बाबा थांबत थांबत चढले. म्हातारीने हात पुसून फ्रेम घेतली. नवऱ्याचं हे वय तिने कुठल्या फोटोत पाहिलेलं नव्हतं. काचेवर बोट टेकवून ती म्हणाली, "याच्या खांद्यावर हा हात कोनाचा रं दादा?"

"माझा," बाबा म्हणाले. "दोघं होतो आमी फोटोत. स्टुडिओवाल्याला सांगून मला कापायला लावलं. नायतर लोक म्हनले असते, म्हातारा सोताला मिरवतोय."

लोकांनी म्हणायचं ते मी आधीच म्हणून मोकळी झाले होते, भर मैदानात. म्हातारीने चहा दिला. तो मी जमिनीकडे बघत प्यायले. तिने मला दोनदा विचारलं, चहा गोड झाला का म्हणून.

नंतर मी त्याच्या फोटोसाठी अध्यक्षांकडे जाऊन आले. विषय बैठकीत घेऊ म्हणाले, अजून घेतलेला नाही. बाबांनी मात्र मला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. परवा जेवताना मी धीर करून विचारलं, "बाबा, तो खेळायचा कसा?"

बाबांनी घास खाली ठेवला आणि ते उठून दारात उभे राहिले. गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून ते दाखवू लागले. मी बघत होते. माफीचे शब्द जिभेवर आले होते, पण तेवढ्यात ते म्हणाले, "आता तू बॉल मार."