जात्याच्या खुंट्याची मूठ

आमच्या सासूबाई वारल्या, आणि वर्षश्राद्ध झाल्यावर सुरीत आल्या.

सुरी माझीच होती. मी केलेली पहिली. त्यामुळं दोष दुसऱ्यावर ढकलायलाही जागा नाही.

आमचं घर लोहाराचं, मुरुम गावाजवळचं. माहेरही लोहाराचंच. चौथीनंतर माझी शाळा भात्यापाशी भरली, ती लग्नानंतरही तिथंच भरत राहिली. फक्त भाता जाऊन हातानं फिरवायचा पंखा आला. हातोडा मात्र कधी हाती आला नाही. मागायचा धीरच झाला नाही. (दुकानात मीठ मागतानाही मी आधी घसा साफ करते.) शेवटी एकदा मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ताप आला, आणि मामांना घण मारायला माणूस मिळेना. मामा म्हणजे माझे सासरे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. मी पदर खोचून उभी राहिले. काम उरकल्यावर ट्रकच्या कमानीच्या पोलादी पट्टीचा एक तुकडा उरला होता, त्याचं मामांनी माझ्याकडून पातं करून घेतलं.

"बरं हाय," मामा म्हणाले. मामांच्या तोंडून 'बरं' म्हणजे दुसऱ्यानं हत्तीवरून साखर वाटावी तसं! "आता मूठ तूच निवड. बाजारच्या दिवशी पालात मांडतो. गिऱ्हाईकानं उचलली अन् परत खाली ठेवली न्हाय, तर हितून पुढं ऐरणीवर तू बी बसायचं."

"आन् ठेवली तर?" मालकांनी अंथरुणातून विचारलं.

"तर पंखा हायेच की."

झालं! माझी झोप उडाली. पातं काय, आगीत घालून सरळ करता येतं. पण माणूस सुरी उचलतो ती मुठीला धरून. बाभळीचा तुकडा घेतला, तो ओला निघाला. वाळला आणि उभा चिरला. म्हशीचं शिंग घासायला घेतलं, तर केस जळाल्यासारखा वास सुटला आणि गल्लीतली सगळी कुत्री दारात येऊन बसली. खुर्चीचा सागवानी पाय छान होता, पण मालक त्या खुर्चीवर बसायचे.

"नळाचा पाइप लाव की," मालक म्हणाले.

"तुमी पडून ऱ्हावा," मी म्हणाले.

मग पडवीत आत्याबाईंचं जातं दिसलं. गिरणी आल्यापासून ते तसंच पडून होतं. त्याचा बाभळीचा खुंटा आत्याबाईंच्या मुठीनं झिजून झिजून असा झाला होता, की हात लावला तर लाकूड नाही, कुणाचं तरी मनगट धरल्यासारखं वाटावं. मूठ असावी तर अशी! पण जात्याचा खुंटा उपटायचा? लग्नकार्यात आपण जात्याला हळदकुंकू लावतो. आणि मामांना विचारायचं तर घसा साफ करून करूनच दिवस मावळला असता. म्हणून मी जात्याला हळदकुंकू वाहिलं आणि थेट आत्याबाईंनाच विचारलं, "घिऊ का?"

त्या वारलेल्या असल्यामुळं नाही म्हणाल्या नाहीत.

खुंट्याच्या वरच्या टोकाला बोट जाईल एवढं एक गोल भोक होतं. जुन्या खिळ्याचं असेल, असं मला वाटलं. (एवढा मोठा खिळा जात्याला कशाला मारतील, हा विचार चौथीतल्या पोरीलाही सुचला असता. मला नाही सुचला.) लाख वितळवून ते भोक बुजवलं, वरून घासून गुळगुळीत केलं. मुठीत जाणारं पात्याचं शेपूट आखूड होतं, ते तापवून दुसऱ्या टोकात बसवलं. मामांनी मूठ बघितली, ओळखली, बराच वेळ तिच्यावरून अंगठा फिरवला, आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी सुरीची परीक्षा घ्यायला चुलीपाशी कांदे घेऊन बसले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दोन कांदे झाले. तिसऱ्याला पातं लावलं, आणि माझ्या हातात कुणीतरी म्हणालं,

"हूंऽऽऽ..."

मी थांबले. ते थांबलं नाही. तळहातातून मनगटात, मनगटातून कोपरात चढायला लागलं. आणि तो आवाज मला ठाऊक होता. आत्याबाई दळताना ओव्या म्हणत नसत. ओठ मिटून, नाकातून नुसतं 'हूं' करायच्या. त्यातूनच राग, लोभ, भाजीत मीठ कमी, सगळं कळायचं. मी खाली बघितलं. कांदा जाड चिरला होता.

मी तो बारीक चिरला. आवाज थांबला!

मालकांना हाक मारली. त्यांनी दारातूनच सुरी घेतली; सुरी गप्प. हलवली; गप्प. कानाला लावली, गप्प.

"ताप मला हाय का तुला?"

मी परत घेतली, चुलीपाशी बसले. "हूंऽऽऽ!" मालक जे बाहेर पळाले, ते थेट शेजारच्या नागम्माच्या अंगणात.

नागम्मा आली, कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली. "अय्यो शिवा! सासू हाय की गं ही. माझी बी अशीच होती. गेली तरी घर सोडंना."

"मग काय करू?"

"काय करतीस? कांदा बारीक चीर."

त्या दिवसापासून आमच्या घरात सगळेच बारीक चिरलेल्या कांद्यासारखे झाले. मालक पाय धुतल्याशिवाय आत येईनात. मी डोक्यावरचा पदर खाली पडू देईना. नागम्मा रोज येऊन सुरीला प्रश्न विचारायची, पण 'हूं' म्हणजे होय की नाही, यावरून तिचं आणि मालकांचं भांडण व्हायचं. एका सकाळी तर कहर झाला. चुलीजवळ सुरीखाली अंथरलेल्या पांढऱ्या फडक्यावर पिवळी पूड पडली होती. चिमूटभर. मी फडकं झटकलं, तर दुपारी परत!

"हळद," नागम्मा कुजबुजली. "तू वाहिलेली परत दिऊ लागली."

मामा इतके दिवस सुरीजवळ आले नव्हते. त्या दुपारी आले, टोपी काढून समोर बसले, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "जर्दा सोडला म्हणलो होतो तुला. सोडला न्हाय."

"हूंऽऽऽ," सुरी म्हणाली.

"ठाव हाय म्हण की मग," मामा म्हणाले आणि डोळे पुसले.

बाजार आला, तशी मी मनातून खचले. आत्याबाईंना पालात मांडायचं का? मालक नाही म्हणाले. नागम्मा तर "शिवा, शिवा" म्हणायला लागली. म्हणजे माझी सुरी कुणी उचलणार नव्हतं, आणि मी जन्मभर पंखा फिरवणार होते. पण मामा म्हणाले, "तिला बाजार लई आवडायचा. विकायची न्हाय. नुसती बसू द्या."

म्हणून आत्याबाई बाजारात बसल्या. सगळ्यात पुढं, उन्हात.

बाजारातल्या माणसाचं एक आहे. जी वस्तू विकायची नाही, तिलाच तो हात घालतो. भल्यामोठ्या मिशांचा एक गडी आला, बाकीच्या सुऱ्यांकडं ढुंकूनही न बघता माझीच उचलली. मुठीत धरली, तोलली, परत धरली.

"काय मूठ हाय हो! सोडूच वाटंना."

मामा "ती विकायची न्हा..." म्हणेपर्यंत मुठीतून आवाज आला.

"बाई, तुमचा मोबाईल वाजायलाय," गडी म्हणाला.

मग त्यानं आपल्या मुठीकडं बघितलं. माझ्या हातानं बुजवलेली लाख टचकन निघाली, भोकातून पिवळा भुसा सांडला, आणि आतून एक काळाकुट्ट, चिंचोक्याएवढा भुंगा बाहेर आला. गड्यानं सुरी भिरकावली आणि मिशांसकट पसार झाला! भुंगा पालात गरगर फिरला आणि मामांच्या टोपीवर बसला.

"हलू नका! भुंगा हाय. लाकूड पोखरून ऱ्हातोय तसला," मालक म्हणाले. "आन् हिनं त्याला आत कोंडला हुता!" (तेव्हा सगळं ध्यानात आलं. चुलीची ऊब लागली की तो आत गुणगुणायचा, आणि लाखेच्या कडेनं पोखरायचा तो भुसा फडक्यावर गळायचा. मालकांना धीर असता आणि ते चुलीपाशी बसले असते, तर त्यांच्याही हातात गुणगुणला असता.)

मी तोंडात पदर कोंबून उभी. मामा तसेच बसून राहिले. भुंगा उडून गेल्यावर त्यांनी सुरी उचलली, धूळ झटकली.

"भुंगा तर भुंगा," ते म्हणाले. "माझ्या हातच्या एका बी वस्तूला तिनं कदी बरं म्हणलं न्हाय. तुझ्या मुठीत मात्र घर करून ऱ्हायली. उद्यापासून ऐरणीवर बस."

आता मी सुऱ्या करते. प्रत्येक मुठीचं लाकूड आधी चुलीपाशी शेकते, मग कानाला लावून, डोळे मिटून बराच वेळ ऐकते. लोकांनी ते बघितलंय. बाजारात गिऱ्हाईकं एकमेकांना सांगतात, "बाई लई पारखी हाय. लाकडाचा जीव ऐकून मूठ बसवती."

मी लाजून खाली बघते. त्यांना वाटतं, काय हा विनय! मी भुसा सांडलाय का ते बघत असते.