शाम देशचं कापड

काल पेट्रोल पंपावर गाडीची काच पुसणाऱ्याने पिवळा, ओला शामी, म्हणजे गाड्या पुसायचं ते मऊ फडकं, पिळला आणि त्या आंबूस वासासरशी मी लातूरच्या आमच्या दुकानात जाऊन पोचले.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. साहेब आले, जीपगाड्या आल्या, पाणी तेवढं आलं नाही. दुष्काळात गाड्या धुवायच्या कशाने? त्यामुळे अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोटारसामानाच्या दुकानातला शामी झपाट्याने खपे. अप्पांची शाळा निजामाच्या अमलात उर्दूत झालेली. मिसर देशाची, म्हणजे इजिप्तची, ती मिसरी खडीसाखर, तसा शाम देशचा, म्हणजे सिरियाचा, तो शामी, असं ते गिऱ्हाइकाला ठासून सांगत. "सिरियाचं कापड हाय, लई मऊ!" वाळलं की ते पापडासारखं कडक व्हायचं, तरी कुणाला शंका आली नाही. त्यातलाच एक कोरा तुकडा त्यांनी देवघरात ठेवला होता. गळ्यातल्या इष्टलिंगाला पळीभर पाणी घालायचं आणि शामीने हळुवार टिपायचं.

मी तेव्हा कॉलेजात होते. शामीच्या वेष्टनावरचा 'शॅमॉय' हा इंग्रजी शब्द कोशात सापडला म्हणून हरखून मोठ्याने वाचत सुटले. युरोपातल्या डोंगरकड्यांवरचं, धड शेळी नाही की धड हरीण नाही असं एक जनावर. त्याच्याच नावाने ओळखलं जाणारं मऊ कातडं. शब्द फ्रेंचांचा, त्याआधी लॅटिनमधला, आणि बहुधा त्याही आधी आल्प्समधल्या कुठल्याशा विसरलेल्या बोलीतला.

अप्पा पूजेला बसले होते. लिंग डाव्या तळहातावर, उजव्या हातात शामी.

"कातडं?"

ज्या घरात अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही, त्या घरात हे! अप्पांचा हात तसाच हवेत राहिला. "नकळत झालं, देवाला कळतंय की," आई पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. ते त्यांच्या कानापर्यंत गेलंच नाही. त्या दिवशी दुकान उघडलं नाही, अप्पा जेवले नाहीत. मी कोश घेऊन बसले होते. दिवस कलल्यावर त्यांनी हाक मारली.

"त्या जनावराला आपल्यात काय म्हणतेत गं?"

"आपल्यात नावच न्हाई, अप्पा."

"मग माफी मागू तर कुणाचं नाव घिऊन?"

ज्यांनी त्या जनावराला पहिल्यांदा नाव दिलं ते लोक गेले, त्यांची बोली गेली. आता अप्पाही नाहीत. त्यांचा प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला आहे, आणि इतके कोश चाळूनही मला तो कुणाला विचारावा हे कळलेलं नाही.