मामाने फळं भिजत घातली

माझा मामा फरशा बसवतो. तीस वर्षं गुडघ्यांवर काढलीत त्याने, त्यामुळे कुणाच्याही घरी गेला की माणसांच्या आधी खाली बघतो. माझ्या मैत्रिणीच्या आईने "या, बसा" म्हटलं तर हा वाकून दाराजवळची फरशी टकटक वाजवत म्हणाला, "ही पोकळ आहे." मी लाजेने अर्धी झाले होते.

तर झालं असं की मामी स्टुलावरून पडली आणि तिचा जबडा मोडला. सहा आठवडे दातांना तारा. स्ट्रॉने सूप, स्ट्रॉने दूध, बोलणं बंद, जे हवं ते वहीत लिहायचं. जिचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा, तिच्या घरात फ्रिजची घरघर ऐकू यायला लागली. वाळून काडी झाली मामी. शेवटी शेवटी तर सूपही तसंच परत करायची. मग एक दिवस तिने वहीत लिहिलं, "तारा निघाल्या की क्रीममधली फळं."

मामाने लगेच मला फोन केला. "मीच करणार आहे. तू फक्त शेजारी उभी राहा."

मामाला चहाच्या पुढे काही येत नाही, हे सांगायलाच हवं.

शनिवारी तीनला आई मामीला घेऊन तारा काढायला दवाखान्यात गेली. सहापर्यंत येणार होत्या. मी पोचले तर मामा पपई कापत होता, आणि कसली कापतोय, प्रत्येक तुकडा दुसऱ्याला लावून बघतोय. केळी, चिकू, पेर, सगळे चौकोन.

"मामा, खायचंय ते, बसवायचं नाहीये."

"गप गं. तोंड उघडेल का नीट तिचं? लहान आणि एकसारखं पाहिजे."

मी बर्फ आणि क्रीम आणायला खाली गेले, दुकानात रांग होती, यायला अर्धा तास लागला. येऊन बघते तर कापलेली सगळी फळं पातेलंभर पाण्यात बुडालेली.

"हे काय केलंस?"

"भिजत घातलीत," मामा एकदम शांत. "फरशी कोरडी लावली की सिमेंटचं सगळं पाणी पिऊन टाकते. मग धरत नाही. ही पण क्रीम पिऊन टाकतील ना."

मला इतकं हसू आलं की मी ओट्याला धरून उभी राहिले. मग वाटीत थोडं क्रीम घेऊन त्यात चार तुकडे टाकून दाखवले. मिनिटभरात त्याचं ताक झालं. केळी बुळबुळीत, पपईचे कोपरे विरघळलेले. मामाचं तोंड एवढंसं झालं.

"सहा आठवड्यांत एकच गोष्ट मागितली गं तिने."

माझं हसू गेलं. घड्याळात साडेचार.

केळी-पपई टाकून दिली. चिकू आणि पेर टॉवेलवर पसरून पंख्याखाली ठेवले, मामा एकेक तुकडा टिपत बसला. अर्धी पपई आणि दोन केळी उरली होती, ती या वेळी त्याने भराभरा कापली, वाकडीतिकडी, मापबिप काही नाही. मी बर्फावर भांडं ठेवून क्रीम फेटलं, हात भरून आला की तो फेटायचा. साखर घातली, फळं हलक्या हाताने मिसळली आणि फ्रिजमध्ये ढकललं.

सव्वासहाला दोघी आल्या. मामी टेबलापाशी बसली. तोंड जेमतेम चमचा जाईल एवढंच उघडत होतं. पहिला घास तिने कितीतरी वेळ तोंडात घोळवला. मामा फ्रिजला टेकून उभा, नजर तिच्या चमच्यावर. दुसरा चमचा. तिसरा. मग मामीने बाउल हातातच घेतला आणि पार तळ खरवडून संपवला.

"साखर कमी आहे," ती म्हणाली. आवाज घोगरा, शब्द अर्धवट, पण आवाज. "आणि ओट्यावर काय पसारा घातलाय हा?"

मामा पाठ फिरवून साखरेचा डबा शोधायला लागला. त्याचे कान लाल झाले होते.

"वरच्या फळीवर," मामी म्हणाली. "तो नाही हो. त्याच्या बाजूला. अहो, डोळे कुठे आहेत तुमचे?"

डबा त्याच्या नाकासमोर होता. तो मुद्दाम भलतीकडे हात घालत राहिला.